पनवेलला भरून घेतलेली थंडी

पनवेलला कोणी जात नाही, पनवेल लागतं. गोव्याला जाताना लागतं, पुण्याला जाताना लागतं, अलिबागला जाताना लागतं. तिथं गाडी थांबते, वडा खाल्ला जातो, पाय मोकळे होतात आणि माणूस पुढं निघतो. मी मात्र पनवेलला दोन दिवस राहून आलो, तेही एका गॅरेजसमोर, एका सिनेमावाल्या गाडीत. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय मग, मुरुड कसं काय?" मुरुड छानच असणार. मला पनवेलबद्दल विचारा.

या प्रवासाचं मूळ आमचे सासरे, आप्पा. भूगोलाचे मास्तर. मुंबईतल्या एकाच शाळेत जन्मभर नकाशे शिकवले. दोन वर्षांपूर्वी त्यांना त्वचेचं एक चिवट दुखणं झालं. ते बरं झालं, पण जाताना त्यांचा घाम घेऊन गेलं. आप्पांना घाम येत नाही. ऐकायला हे चैनीचं वाटतं, मला तर सुरुवातीला हेवा वाटला होता. पण घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. उन्हात जरा वेळ गेला की आप्पा लालबुंद होतात, डोकं गरगरतं, जीभ अडखळते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं, उन्हाळ्यात घराबाहेर पडायचं नाही.

आणि नेमकं मे महिन्यात दत्तूकाकांचं कार्ड आलं. दत्तूकाका आप्पांच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मुरुडच्या अलीकडे आपल्या गावी जाऊन राहिले. तेव्हापासून हे दोघं म्हातारे पोस्टकार्डावर भांडत. विषय कुठलाही चाले: देव आहे की नाही, फणस कापा चांगला की बरका. या कार्डात मात्र भांडण नव्हतं. मुलानं कायमचं अमेरिकेला बोलावलंय, शनिवारी निघतोय, आता भेट काही होत नाही, एवढंच होतं. आप्पांनी कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला जायचंय."

"या उन्हात?" सुनंदा म्हणाली. सुनंदा म्हणजे माझी बायको, आप्पांची एकुलती एक मुलगी.

अशा वेळी जावयानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरावं. मी ते खाली केलं आणि म्हणालो, "मी नेतो. एसी गाडीतून."

गाडी माझी नव्हती. वासू नावाचा माझा मित्र सिनेमाच्या शूटिंगला लागणारं वाट्टेल ते सामान भाड्यानं देतो. तलवारी, पालख्या, खोटी झाडं. त्याच्याकडे एक जुनी जर्मन गाडी होती, चाकावरचं घरच म्हणा ना. आत पलंग, कपाट, हात धुवायचं भांडं, नटनट्यांच्या रंगरंगोटीसाठी आरसा, आणि मागच्या भिंतीत बसवलेला एसी. वासूच्या गोदामात मी एकदा त्या गाडीत शिरलो होतो तेव्हा दात वाजले होते. तो एसी कशावर चालतो, हा प्रश्न मला पडला नाही. घरचा पंखा कशावर चालतो हेही मी कधी विचारलेलं नाही.

किल्ली देताना वासूनं एकच ताकीद दिली. "मागची बाजू जप. एसीच्या पाठीत धूळ गेली तर आपली मैत्री संपली." मी कसला निष्काळजी! आमच्या जुन्या टीव्हीची जाडजूड कापडी खोळ घरात पडून होती. सुनंदानंच शिवलेली, हिरव्या दोऱ्यानं दोन पोपट भरलेली. ती मी ऐन निघताना एसीच्या बाहेरच्या अंगाला चढवली आणि नाड्या घट्ट बांधल्या. बेतून शिवल्यासारखी बसली. रस्त्यावरून जाणारे लोक त्या पोपटांकडे कौतुकानं बघत होते.

शुक्रवार, वाशीचा पूल

पहाटे निघायचं ठरलं होतं. पण वासूचा माणूस गोदामाची किल्ली घेऊन सावकाश उगवला, त्यामुळे आम्ही दादरहून निघालो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. आत मात्र हिवाळा. आप्पा पलंगावर पाय पसरून म्हणाले, "जावईबुवा, आज तुम्ही पहिल्यांदा मला आवडलात." मी मान हलवून ते स्वीकारलं.

मानखुर्दपर्यंत थंडी टिकली. वाशीच्या पुलावर सुनंदा म्हणाली, "अहो, गार लागेनासं झालंय."

"चढ आहे, म्हणून," मी म्हणालो.

पूल उतरल्यावर ती म्हणाली, "आता उतार आहे. तरी गरमच आहे."

मी समोरची बटणं बघितली. सगळी नावं जर्मनमध्ये. मी एक दाबलं, तर कोरड्या काचेवर वायपर कर्रकर्र फिरायला लागले. दुसरं दाबलं, काहीच झालं नाही. तिसरं दाबलं आणि मागून सुनंदा किंचाळली. छपराला एक झाकण होतं, ते उघडलं आणि वरचा सूर्य थेट आप्पांच्या छातीवर आला. ते झाकण उघडणारं बटण होतं, बंद करणारं कुठलं ते मला अजूनही ठाऊक नाही. कळंबोली येईपर्यंत सुनंदा धावत्या गाडीत छत्री उघडून वडिलांच्या अंगावर धरून बसली होती आणि दुसऱ्या हातानं ओला पंचा त्यांच्या कपाळावर फिरवत होती. आरशात मला आप्पांचा चेहरा दिसला. तो टोमॅटोच्या रंगावर आला होता.

"कसं वाटतंय आप्पा?"

"उ... उत्तम," आप्पा म्हणाले. जीभ अडखळली होती. पनवेल ओलांडता ओलांडता पहिलं उघडं गॅरेज दिसलं, त्याच्यासमोर मी गाडी घातली.

पनवेल, भर दुपार

गॅरेज सलीमभाईंचं. पेणहून येणारा रस्ता पनवेलात शिरतो तिथं, आंब्याच्या झाडाखाली. माणूस गुटगुटीत, दाढी मेंदीनं रंगवलेली, आवाज ट्रकच्या इंजिनावरून पलीकडे जाईल असा. एसी बिघडलाय म्हटल्यावर ते हसले. "अरे साहेब, फिकीर नका करू. इंजिन काय नि एसी काय, दोन्हींत हवाच असते."

त्यांनी बॉनेट उघडलं. पान्ह्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला लावलं, डोळे मिटले. मीही मिटले. बराच वेळ आम्ही दोघं असे उभे होतो.

"गॅस गेली," ते म्हणाले.

"मला वाटलंच," मी म्हणालो. मला काहीच वाटलं नव्हतं.

मग त्यांनी गॅसची नळी शोधली. सापडेना. पट्टा शोधला, तोही सापडेना. गाडीखाली शिरले, बाहेर आले, पुन्हा शिरले. शेवटी दाढीला तेलकट हात पुसत म्हणाले, "साहेब, खुदा कसम, ह्या इंजिनाला एसी काय असतो ते माहीतच नाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ते वेगळं, हे वेगळं. दोघांची ओळखच नाय."

आम्ही आत गेलो. पलंगाखाली हात घालून सलीमभाईंनी एक काळी वायर ओढली. ओढली, ओढली आणि टोकाला जाडजूड तीन पिनांचा प्लग निघाला. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला.

"हे तर घरातलं एसी हाय. भिंतीत प्लग लावला तर चालणार."

"पण मुंबईत थंडगार होतं!"

"तिथं प्लग लावला असेल कोणीतरी."

मग मला आठवलं. निघताना वासूच्या माणसानं गोदामाच्या भिंतीतून काहीतरी उपटून गाडीत फेकलं होतं. मला वाटलं, दोरखंड देतोय. प्रवासात लागतो.

सुनंदा माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

कोणताही शहाणा माणूस इथं म्हणाला असता, चालत्या गाडीत हा एसी चालणार नाही, विषय संपला. पण मी आणि सलीमभाई एका जातीचे निघालो. आमच्या दोघांच्या डोक्यात एकाच वेळी प्रकाश पडला. दादरपासून मानखुर्दपर्यंत थंडी टिकली होती की नाही? मग! पनवेलला प्लग लावून गाडी भरपूर गार करायची आणि सुटायचं. पेणला गरम झाली की तिथं कोणाकडे तरी प्लग लावायचा. मग अलिबाग, मग रेवदंडा. पेट्रोल भरतात तशी ठिकठिकाणी थंडी भरत जायची.

"थर्मासमध्ये चहा राहतो की नाय?" सलीमभाईंनी सुनंदाला विचारलं.

"आणि प्रत्येक गावात प्लग कोण देणार? माझे काका?" ती म्हणाली.

"पहिला आमी देताव," मागून आवाज आला.

हिराजीशेठ

गॅरेजच्या बाकावर एक गृहस्थ मघापासून बसले होते. पांढरा शर्ट, बोटांत अंगठ्या, पायांत रबरी चपला. हे हिराजीशेठ. घराणं शेतीचं आणि मिठागराचं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, पैसा आला, गॅरेजच्या शेजारी, रस्त्याला लागून गुलाबी बंगला उभा राहिला. आता सकाळ-संध्याकाळ सलीमभाईंच्या बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची विचारपूस करायचे. "आमचे घरान मोटा प्लग हाय. तुमी आदी म्हाताऱ्यांना आत घ्या. त्यांचा तोंड बगा कसा झालाय."

बंगल्यामागं त्यांचं जुनं कौलारू घर अजून उभं होतं, भात आणि लाकडं ठेवायला. हिराजीशेठच्या बायको काशीबाईंनी आप्पांना थेट तिथं नेलं, सारवलेल्या जमिनीवर चटई टाकली आणि कुडाच्या भिंतीवर पाण्याचे हबके मारले. थोड्या वेळानं आप्पांचा रंग उतरला आणि ते स्पष्ट बोलायला लागले. म्हणजे मला नावं ठेवायला लागले. सुनंदाचा जीव भांड्यात पडला.

एक फरक सांगायलाच हवा. आमच्याकडे दादरला पाहुणा आला की आपण पाणी देतो आणि हसून विचारतो, "जेवून आला असाल ना?" इथं आधी ताटं मांडली, मग "तुमी कोन, कुठलं?" हे विचारलं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, आणि माझ्या ताटात सुकट. आप्पा शुद्ध शाकाहारी. वासानं त्यांनी नाक मुरडलं, पण बिरडं तीनदा मागून घेतलं. काशीबाई सुनंदाला म्हणत होत्या, "खा गो बाय. नवरा असा हाय म्हून उपाशी रायचा काय?" पहिल्याच भेटीत त्यांनी माझी पारख केली होती.

जेवणानंतर गाडी अंगणात घेतली, सलीमभाईंनी छपराचं झाकण हातानं दाबून बसवलं आणि मी मोठ्या थाटात प्लग लावला. एसी गुरगुरला. देवघरातला बल्ब मंदावला, पंखा पेंगुळला, टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसत पोस्टाच्या तिकिटाएवढं झालं. टीव्हीवर मॅच चालली होती, शेवटची ओव्हर. एसीतून वारा आला, पण तो कोमट. मी बटण आणखी फिरवलं. रस्त्यावरच्या खांबावर 'फट्ट' झालं आणि सगळ्या आळीची वीज गेली.

 मग घराघरांतून आरडाओरडा करत माणसं बाहेर पडली, आणि त्या सगळ्यांना एकच दिशा सापडली: ती वायर. वायरीमागोमाग ते गाडीपर्यंत आले. मी पलंगाखाली जागा आहे का बघत होतो. पण गाडीवर वासूनं रंगवलेली फिल्मी अक्षरं वाचून पुढचा तरुण थांबला.

"शूटिंग हाय काय? हिरोईन कोन हाय आत?"

राग कुठल्या कुठं गेला. सगळे गाडीच्या दाराच्या पडद्याकडे डोळे लावून उभे राहिले. पडदा सरकला आणि हातात ओला पंचा घेऊन घामाघूम सुनंदा बाहेर आली.

"नवीन दिसते," कोणीतरी म्हणालं.

वायरमन सकाळीच येणार असं कळलं. सलीमभाईंनी एसीचं पुढचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, परत लावलं आणि "आता होईल" म्हणाले. तपासायला वीज नव्हती, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं ठरायचा प्रश्न नव्हता.

आता खरी पंचाईत. आम्ही शुक्रवारी पोचून रात्री राहणार होतो आणि शनिवारी दत्तूकाकांना निरोप देणार होतो. उन्हं उतरल्यावर निघू म्हटलं तर गाडीचा पुढचा एकच दिवा लागत होता, आणि तो झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. टॅक्सी करू म्हटलं तर स्टँडवरचा कोणी रात्री तिकडे यायला तयार होईना. मी बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो. दत्तूकाकांच्या गावात फोन वाण्याच्या दुकानात. खूप खटपटीनंतर लागला.

"दत्तूमास्तर? ते उद्या पहाटेच निघतायत. जीप सांगितलीय," वाणी ओरडला.

"त्यांना सांगा की..." एवढ्यात लाइन गेली, ती गेलीच. बूथवाल्यानं पुष्कळ वेळा फिरवून बघितलं.

परत येऊन मी सांगितलं. सुनंदा म्हणाली, "मग संपलं. आप्पा, उद्या वायरमन येऊ दे न येऊ दे, पहाटे उन्हाच्या आत आपण घरी परत जायचं." आप्पा जुन्या घराच्या उंबऱ्यावर बसून अंगणातल्या मातीकडे बघत राहिले. त्यांना असं गप्प मी कधी बघितलं नव्हतं. मला नावं ठेवली असती तर मी आनंदानं ऐकून घेतली असती.

हिराजीशेठनं तंबाखू मळता मळता विचारलं, "ते तुमचे दोस्त विमानान जानार. मंग विमान कुठशी? मुंबयशी ना?"

"हो."

"मंग येनार कुठशी?"

आप्पांनी मान वर केली. खाली वाकून मातीत बोटानं एक रेघ ओढली. एक टिंब मुरुडचं, एक रेवदंड्याचं, मग अलिबाग, मग पेण. पेणवरून बोट पुढं सरकलं आणि बरोबर आम्ही बसलो होतो तिथं येऊन थांबलं.

"जन्मभर पोरांना शिकवलं," आप्पा म्हणाले, "की कोकणातून मुंबईला जाणारा रस्ता पनवेलवरून जातो. आणि मी त्याला भेटायला त्याच्या दारात चाललो होतो."

सुनंदा हसली, मग रडली. मी उगाच म्हणालो, "म्हणजे गाडी बरोबर जागी बंद पडली."

शनिवार, आंब्याखाली

आता प्रश्न असा की जीप कुठली, रंग कोणता, काही ठाऊक नाही. दत्तूकाकांना धावत्या गाडीत ओळखतील असे फक्त आप्पा; सुनंदानं त्यांना आमच्या लग्नानंतर बघितलेलं नव्हतं. मी त्यांना लग्नात एकदा बघितलेलं, तेही अंतरपाट धरलेला असताना. म्हणजे आप्पांनीच रस्त्यावर नजर ठेवायला हवी, आणि आप्पा रस्त्यावर उन्हात बसू शकत नाहीत. म्हणजे पुन्हा एसी!

सकाळी वायरमननं फ्यूज बांधला. हिराजीशेठनं विहिरीच्या पंपाची जाड वायर ओढून आणली आणि गाडी गॅरेजसमोर, रस्त्याला खिडकी करून उभी केली. एसी सुरू झाला. वारा कोमट. सलीमभाईंनी पुन्हा झाकण काढलं. मी बटणं फिरवली. हिराजीशेठनं वायर हलवली. आप्पा ओला पंचा डोक्यावर घेऊन पलंगावर बसले आणि पेणच्या दिशेनं बघत राहिले. त्यांचे कान लाल व्हायला लागले होते. सुनंदा घड्याळाकडे बघत होती.

आणि अचानक थंड हवा यायला लागली! थंड म्हणजे काय, झुळझुळ, हिवाळी.

"बघा! तो स्क्रू ढिला होता," सलीमभाई म्हणाले.

"स्क्रू कसला? मी हे बटण पाचावर ठेवलं म्हणून," मी म्हणालो.

"पंपाचा करंट हाय तो. असा करंट मुंबयला नाय," हिराजीशेठ म्हणाले.

आम्ही तिघं आपापला मुद्दा पटवत असताना दोनदा चहा झाला, मध्ये पोहेही झाले. आणि मग हळूहळू वारा पुन्हा कोमट झाला. सलीमभाईंनी स्क्रू पिळला. मी बटण पाचावरून तीनवर आणि परत पाचावर नेलं. हिराजीशेठ पंपाकडे धावले. काही फरक नाही. मला तर वाटायला लागलं की हे यंत्र आमचं बोलणं ऐकतं आणि श्रेय कोणालाच द्यायचं नाही म्हणून रुसतं.

तेवढ्यात गाडीच्या मागून सुनंदाचा आवाज आला. "काशीताई, हे काय करताय?"

"काय नाय गो. तुमचा ह्यो कवर लय मळला होता. सकालीच काडला, कपऱ्यांसंगं धुतला. वाळला, म्हून परत बांदताव."

"परत काढा बघू जरा."

काशीबाईंनी नाड्या सोडल्या. आत हवा गार झाली.

"आता घाला."

काही वेळानं हवा कोमट झाली.

"काढा."

पुन्हा गार.

आम्ही तिघं पुरुष आळीपाळीनं एकमेकांच्या चपला बघत होतो. जे यंत्र पाठीतून उष्णता बाहेर फेकतं, त्याच्या पाठीला मी जाड रजई बांधली होती, गाठी मारून, पोपटांसकट. कालपासून शेकडो लोकांनी ती खोळ बघितली, आणि एकाही माणसाला ती खटकली नाही. खटकणार कशी? आपल्याकडे मिक्सरला झबलं असतं, रेडिओला असतं, टेलिफोनलाही असतं. उघडं यंत्र दिसलं तर उलट आपण विचारू, याचं कव्हर कुठंय.

"हम को लगा कंपनीचं हाय," सलीमभाई हळूच म्हणाले.

"पोपटांचं?" सुनंदानं विचारलं.

"विलायतेत पोपट नसतात काय?"

सुनंदानं खोळ घडी करून माझ्या हातात दिली. काल प्लग निघाला तेव्हा ती जे बोलली नव्हती, त्या सगळ्याची भरपाई तिनं मग एका वाक्यात केली. ते मी इथं लिहीत नाही.

दत्त्या

आप्पांच्या कानांची लाली गेली. पण एक संकट टळलं की दुसरं हजर! आत एवढं गार आणि बाहेर मे महिन्याची खारी, दमट हवा. खिडकीची काच बाहेरून धुकटली आणि आप्पांना रस्ता दिसेना. मग माझी नेमणूक झाली. मी बाहेर उन्हात उभा राहून काच पुसायची आणि त्याच वेळी पेणकडून येणारी प्रत्येक जीप थांबवायची.

मी किती जीप थांबवल्या ते विचारू नका. एकीत लग्नाचं वऱ्हाड होतं, त्यांनी मला पाहुणा समजून पेढा दिला. एकीत बकऱ्या होत्या. एक पोलिसांची निघाली, तिच्यातल्या साहेबांनी विचारलं, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "दत्तूकाका." त्यांनी माझ्याकडे नीट बघून गाडी पुढं घ्यायला सांगितलं.

ऊन चढत गेलं. मी काच पुसत होतो. आतून आप्पांनी काचेवर थाप मारली. मी जोरानं पुसलं. त्यांनी दोन्ही हातांनी थापा मारल्या. मी शर्टाच्या बाहीनं कोपरे पुसले. आप्पांचं तोंड काचेमागं उघडत-मिटत होतं, एसीच्या घरघरीत शब्द ऐकू येईना. मी हसून 'झालं, झालं' अशी खूण केली. माझ्या पाठीमागून एक हिरवी जीप निघून गेली.

धाडकन दार उघडलं. आप्पा अनवाणी खाली उतरले आणि त्या तापलेल्या डांबरावरून पळायला लागले. घराबाहेर पडायची बंदी असलेला माणूस, धोतराचा सोगा हातात धरून, भर उन्हात, मध्येच थांबून दम घेत आणि पुन्हा पळत. "दत्त्या! अरे ए दत्त्या! थांब गाढवा!"

"आप्पा!" सुनंदा मागं धावली. मी तिच्या मागं. सलीमभाई माझ्या मागं, त्यांच्या हातात पान्हा होता, त्यामुळे लोकांचा वेगळाच समज झाला आणि रस्ता पटापट मोकळा होत गेला.

स्टँडच्या वळणावर ट्रकांची रांग लागली होती म्हणून बरं. जीप तिथं अडली. मागच्या बाजूनं एक टोपी बाहेर आली, मग एक लांब नाक.

"विष्ण्या? तू? इथं काय करतोयस उन्हात?"

"तुझी वाट बघतोय, मूर्खा. कालपासून."

सुनंदानं ओला पंचा वडिलांच्या डोक्यावर टाकला. हिराजीशेठनं मागून आणलेल्या स्कूटरवर बसवून आप्पांना गाडीत परत आणलं. दत्तूकाका चालत आले. जीपवाला म्हणाला, विमानाला उशीर होईल, जास्त वेळ नाही. दत्तूकाका त्याला म्हणाले, "चहा पी."

दोघं पलंगावर शेजारी बसले. मी दार लावून घेतलं आणि कोपऱ्यात उभा राहिलो. एसी उत्तम चालला होता. कधी नव्हे ते मला स्वतःचा अभिमान वाटत होता.  मग दत्तूकाकांनी उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं.

"हे काय गारठवणारं लावलंय रे? बंद कर. आता पुढं सगळं गारच आहे, म्हणतो मुलगा. बर्फ पडतो तिकडे. मला आपला शेवटचा जरा उकाडा घेऊ दे."

मी सुनंदाकडे बघितलं. ती तोंड उघडणार एवढ्यात आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावईबुवा, बंद करा."

"आप्पा, पण..."

"बंद करा म्हटलं ना."

मी बटण फिरवलं. सुनंदानं दार सताड उघडलं, आणखी एक पंचा भिजवून आप्पांच्या खांद्यांवर ठेवला आणि बाहेर जाऊन काशीबाईंशेजारी उभी राहिली. मीही उतरलो. आतून दोघांचं भांडण ऐकू यायला लागलं. अमेरिकेचं पोस्टकार्ड महाग पडेल यावरून होतं.

"मग बारीक अक्षरात भांड," आप्पा सांगत होते. "एका कार्डात दोन आठवड्यांचं."

"तुझं अक्षर मला आत्ताच वाचता येत नाही."

"म्हणून तर हरतोस."

जीपवाल्याचा चहा संपला. दत्तूकाका उतरले. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता, तो त्यांनी पुसला नाही. काशीबाईंनी त्यांच्या हातात तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं ठेवलं. "विमानान काय देतील काय नाय, तुमी हे खा." जीप वळणापलीकडे गेली.

आप्पा दारातच बसून होते, चेहरा पुन्हा टोमॅटोसारखा. "आता लावा," ते मला म्हणाले, आणि आत जाऊन खिडकीशी बसले.

मी एसी लावला, उतरून बाहेरून दार ओढून घेतलं आणि सवयीनं फडकं घेऊन खिडकीपाशी गेलो. काच धुकटायला लागली होती. पुसायला हात उचलला तर सुनंदानं तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यांना थोडा वेळ कोणी बघू नये."